मराठी वाङ्मयातील वार्धक्य आणि स्वावलंबन

वार्धक्य हा विषय मराठी वाङ्मयाला नवा नाही. संतांच्या ग्रंथांपासून अगदी अलीकडच्या नाटकांपर्यंत म्हातारा मनुष्य आपल्या वाङ्मयात सतत वावरत आला आहे. परंतु या सर्व वृद्धांपैकी स्वतःच्या पायांवर उभे असलेले, आपला दिवस आपणच आखणारे आणि कोणाच्या दयेवर न जगणारे किती, असा प्रश्न केल्यास बोटे मोजण्याची वेळ येते. आपल्या वाङ्मयातील म्हातारा बहुधा एकतर उपदेशाचे साधन असतो, नाहीतर हास्याचा विषय असतो, नाहीतर करुणेचा. असे का व्हावे, आणि याला अपवाद कोठे आढळतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी स्वावलंबन या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांनी यासाठी एक साधी कसोटी ठरविलेली आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने १९६३ साली सहा गोष्टींची यादी प्रसिद्ध केली: स्नान, वस्त्रे नेसणे, शौचाला जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी तिला दुसऱ्या यादीची जोड दिली. तीत बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, दूरध्वनी, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचा व्यवहार पाहणे यांचा समावेश होतो. पहिल्या यादीचा संबंध देहाशी आहे. दुसरीचा देहाशी आहे तसाच बुद्धीशी आणि कुटुंबातील स्थानाशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालच्या आपल्या अहवालात तर आणखी पुढे जाऊन असे म्हटले आहे की, निरोगी वार्धक्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. मनुष्याला ज्या गोष्टींचे मोल वाटते त्या करण्याची त्याची शक्ती टिकून राहणे, हेच त्याचे लक्षण होय. वैद्यकातील ही मापे वाङ्मयविचारात आणण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. परंतु एखाद्या पात्राचे दुःख नेमके कशाचे आहे हे ओळखण्यास ती फार उपयोगी पडतात, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम संतवाङ्मय. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात समर्थांनी जन्मापासून जरेपर्यंतचा माणसाचा प्रवास वर्णिला आहे. त्यातील वृद्धावस्थेचे चित्र इतके निष्ठुर आहे की, तरुण वाचकाच्याही अंगावर काटा यावा. इंद्रिये शिथिल झालेली, घरात कोणी विचारीत नाही, ज्यांच्यासाठी जन्मभर राबला तीच माणसे कंटाळलेली. ही अतिशयोक्ती आहे असे म्हणता येत नाही. निरीक्षण अचूक आहे. पण त्या निरीक्षणाचा हेतू वृद्धाला काही सांगावे हा नाही. तारुण्याच्या मदात असलेल्याला वेळीच जागे करावे, यासाठी तेथे म्हातारा उभा केलेला आहे. वैराग्याच्या उपदेशाला हे साजेसेच आहे. मात्र या परंपरेमुळे जरा म्हणजे परावलंबन हे समीकरण मराठी मनात खोल रुजले, हेही मान्य केले पाहिजे.

आधुनिक काळात या समीकरणाचे रूप पालटले, आशय फारसा पालटला नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातील भुजंगनाथ हा जरठविवाहाच्या दुष्ट रूढीवर प्रहार करण्यासाठी निर्माण झालेला म्हातारा आहे. त्याच्या केसांचे, दातांचे आणि हौसेचे हसे करणे समाजहिताचे होते व देवलांनी ते उत्तम साधले. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) कादंबरीत भोगलालसेचे भीषण दर्शन घडते; तेथे वार्धक्य हा शाप आहे आणि तो पुत्राच्या माथी मारण्याइतका मनुष्य अधःपतित होऊ शकतो, हे लेखकाला दाखवावयाचे आहे. भुजंगनाथ काय अथवा ययाति काय, दोघेही वार्धक्य नाकारणारे आहेत. वार्धक्य स्वीकारून नीट जगणारा मनुष्य या दोन्ही कृतींच्या कक्षेबाहेर राहतो. तसे असणे हा त्या कृतींचा दोष नव्हे. परंतु जे कक्षेबाहेर राहिले ते दीर्घकाळ बाहेरच राहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

वार्धक्यालाच केंद्रस्थानी ठेवणारे पहिल्या प्रतीचे मराठी नाटक म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’. दि. २३ डिसेंबर १९७० रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. गोवा हिंदु असोसिएशनसारख्या संस्थेने तो रंगभूमीवर आणला आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकरांची भूमिका केली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. शेक्सपियरच्या लियर राजाची छाया या नाटकावर आहे, असे समीक्षकांनी वारंवार सांगितले आहे. ते खरेही आहे. पण त्या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडते. नाटकाच्या आरंभी अप्पासाहेब कोणत्याही अर्थाने परावलंबी नाहीत. कॅट्झची सहा अंगांची कसोटी त्यांना लावून पाहा. ते तीत सहज उतरतील. स्मरण तल्लख, वाणी खणखणीत, पत्नीची सोबत आहे. मग त्यांचे स्वावलंबन गेले कोठे? ते त्यांनी स्वतः होऊन देऊन टाकले. निवृत्तीच्या उमाळ्यात जवळचे सर्व मुलांना वाटून टाकले, आणि त्याबरोबर आपल्या घराचा धनी असण्याचा हक्कही वाटून टाकला. त्यानंतर मुलाच्या घरी उपरेपणा आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ, हे सारे त्या एका कृतीचे फळ आहे.

या दृष्टीने पाहिल्यास ‘नटसम्राट’ ही देहाच्या ऱ्हासाची शोकांतिका नसून दुसऱ्या यादीतील शेवटच्या कलमाची, म्हणजे पैशाच्या व्यवहाराची आणि त्याला चिकटलेल्या प्रतिष्ठेची शोकांतिका आहे. पुढे आपल्या देशाच्या कायद्यानेही हे दुःख ओळखले. मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यांसंबंधीचा अधिनियम २००७ साली झाला. त्याच्या तेविसाव्या कलमान्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन पुढे ती अट न पाळणाऱ्याकडून असे हस्तांतरण रद्द करवून घेण्याची मुभा वृद्धाला मिळाली. मात्र त्यासाठी देताना अट घातलेली असावी लागते. अप्पासाहेबांनी ती घातली नसती. कारण प्रेमाला अट घालणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. येथे शिरवाडकरांची नाट्यदृष्टी कायद्याच्याही पुढे जाते. देण्यातील औदार्य आणि देण्यातील अविचार एकाच कृतीत कसे नांदतात, हे त्यांनी दाखविले. प्रेक्षक मात्र औदार्याला टाळ्या देतो आणि अविचाराचा विसर पडून सारा दोष मुलांच्या पदरी टाकतो. मुलांच्या दोषाबद्दल दुमत नाही. तथापि नाटक केवळ कृतघ्न मुलांविषयी आहे असे वर्गात शिकविणे म्हणजे त्याचा अर्धा अर्थ गाळणे होय.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ हे १९७०च्या दशकातील नाटक या विषयाची दुसरी बाजू मांडते. येथे नाना आणि नानी यांना कोणी घराबाहेर काढलेले नाही. घर त्यांचे, पैसा त्यांचा, देहही बरा चालतो. एक मुलगा परदेशी आहे, दुसरा सैन्यात. दुसऱ्याचा मृत्यू होतो आणि पहिला परत येत नाही. दोन्ही याद्यांच्या कसोट्यांना हे जोडपे उतरते, आणि तरीही शेवटी मरण जवळ करते. त्यांना कमी आहे ते एवढेच की, कोणाला त्यांची गरज उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतील जो भाग सर्वांत सूक्ष्म, म्हणजे ज्याचे मोल वाटते ते करता येणे, तोच येथे तुटलेला आहे. दळवींनी हे हळुवारपणे आणि नेमके टिपले. परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो. नाना-नानींच्या जीवनात मोलाचे वाटावे असे मुलांखेरीज दुसरे काहीच का असू नये? त्यांच्या घरी पाहुणा आला तर त्याच्याकडे ते मुलाच्या दृष्टीनेच पाहतात. हा दोष नाटककाराचा की ज्या मध्यमवर्गाचे तो चित्रण करतो त्या वर्गाचा, याचा निर्णय कठीण आहे. कदाचित दळवींना हेच दाखवावयाचे असेल की, आपण आयुष्यभर एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगतो आणि खुंटी निघाली की सगळेच खाली पडते.

यावर असा आक्षेप येईल की, नाटकाला संघर्ष हवा. रोज पहाटे उठून फिरून येणारा, स्वतःचे कपडे धुणारा, दुपारी दोन पाने लिहिणारा म्हातारा रंगभूमीवर आणून करावयाचे काय? आक्षेप रास्त आहे. स्वावलंबनाला कथानक नसते. त्याला केवळ दिनक्रम असतो. म्हणूनच या विषयावरचे जगातील सर्वांत प्रसिद्ध लेखन नाटकात नसून संवादरूप निबंधात आहे. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी रोमन वक्ता सिसेरो याने वार्धक्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या केटोच्या मुखी त्यातील विचार घातले. वार्धक्यावरील चार आरोप तो घेतो: ते कामातून काढते, देह दुबळा करते, सुखे हिरावते आणि मृत्यू जवळ आणते. प्रत्येकाचे तो खंडन करतो. त्यात आप्पियस क्लॉडियस या अंध वृद्धाचा उल्लेख आहे. चार मुलगे, पाच मुली आणि मोठा परिवार यांच्यावर त्याची सत्ता अखेरपर्यंत टिकली, कारण त्याने आपला अधिकार सैल होऊ दिला नाही. अप्पासाहेब बेलवलकरांच्या शेजारी हा आप्पियस ठेवून पाहिला की, दोन्ही कृती अधिक उजळतात. मात्र सिसेरोच्या वाचकाने एक गोष्ट विसरू नये. केटो जमीनदार होता आणि त्याच्या शेतावर गुलाम राबत होते. त्याचे स्वावलंबन पुष्कळांच्या श्रमांवर उभे होते.

हा मुद्दा मनात ठेवून आपण मराठी आत्मचरित्राकडे वळू. स्वावलंबी वार्धक्याचा शोध घ्यावयाचा तो येथेच. पहिले नाव अर्थातच महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेले अण्णासाहेब १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले. सामान्य मनुष्याच्या हिशेबाने हा जीवनग्रंथाचा समारोप होता. प्रत्यक्षात त्यानंतर त्यांच्या आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे शिल्लक होती! महिला विद्यापीठाची स्थापना १९१६ साली झाली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासाला निघाले. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी १९३६ साली त्यांनी मंडळ काढले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि समता संघ १९४४ साली, म्हणजे शहाऐंशीव्या वर्षी. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन, ते निवर्तले. म्हणजे ‘आत्मवृत्ता’ने जेथे लेखणी ठेवली, तेथूनच आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग सुरू होतो. १९३६ सालच्या त्यांच्या इंग्रजी आत्मकथेत पुढील हकीकत काही प्रमाणात आली आहे. परंतु मराठी वाचकाच्या मनात ठसले ते पन्नाशीपर्यंतचे कर्वे. अण्णासाहेबांच्या दीर्घायुष्याचे आपण कौतुक पुष्कळ केले. त्या दीर्घायुष्याचा वाङ्मयीन अभ्यास फारसा केला नाही.

अण्णासाहेबांच्या लेखनाचा गुण म्हणजे त्यातील अलंकारहीन संयम. मी केले, यापेक्षा घडत गेले, असाच त्यांचा सूर असतो. या संयमातच एक गोष्ट झाकली जाते आणि ती पाहण्यासाठी दुसरे पुस्तक उघडावे लागते. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली, त्या ऐंशीच्या घरात असता, प्रसिद्ध झाले. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ साली पुनर्विवाह, आणि नंतर संस्थेला वाहून घेतलेल्या पतीचा संसार. हे सर्व बायांनी बोलीभाषेच्या रोखठोकपणाने सांगितले आहे. अण्णासाहेब मिळकत संस्थेला देत. घर चालविण्याची काळजी बायांकडे येई. हा संसार त्यांनी चालविला आणि शिवाय संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. ‘आत्मवृत्त’ वाचून कर्व्यांविषयी आदर वाढतो. ‘माझे पुराण’ वाचून तो आदर दोघांत वाटावा लागतो. पुरुषाच्या स्वावलंबनाखाली बहुधा एका स्त्रीचे श्रम असतात, हे सत्य सिसेरोला सुचले नाही आणि आपल्या समीक्षेलाही फारसे सुचलेले नाही. लॉटन-ब्रॉडींच्या यादीतील स्वयंपाक, कपडे आणि बाजारहाट ही कलमे पुढे ठेवून आपल्यातील किती निवृत्त गृहस्थ स्वतःला स्वावलंबी म्हणवू शकतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही या मालेतील आणखी एक कृती. तिचा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला, त्या वेळी लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. १९३६ साली त्या गेल्या आणि उरलेली कथा त्यांच्या पुत्राने, देवदत्तांनी, पुरी केली. रेव्हरंड टिळक १९१९ साली निवर्तले, त्यानंतर सतरा वर्षे त्या जगल्या आणि याच काळात पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. शालेय शिक्षण जवळजवळ नाही, तरी महाकाव्य हाती घ्यावे! ‘स्मृतिचित्रां’तील विनोदाचे आपण नेहमी कौतुक करतो. पण तो विनोद साठीनंतरचा आहे, हे कोणी सांगत नाही. भोगलेल्या हालांकडे हसून पाहता येणे ही तरुण वयाची सिद्धी नव्हे. सिसेरोच्या चार आरोपांपैकी पहिल्याला, म्हणजे वार्धक्य कामातून काढते या आरोपाला, मराठीतील सर्वांत समर्पक उत्तर हे पुस्तक आहे.

ललित वाङ्मयाबाहेरही एक परंपरा आहे आणि तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला आणि स्वतः उतारवयापर्यंत तो नेम चालविला. त्याच औंधात स्वाध्याय मंडळ चालविणारे, पुढे १९४८ पासून गुजरातेतील पारडी येथे राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर शंभरी ओलांडून १९६८ साली निवर्तले. तत्पूर्वी हैदराबादेत चित्रकार म्हणून त्यांनी काही वर्षे काढली होती. आसने आणि सूर्यनमस्कार यांवर त्यांनी लिहिलेली पुस्तके घरोघर होती. वडोदऱ्यात द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून १९४९ पर्यंत ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी भाषेची अशी सेवा करणे, ही आपल्यासारख्यांना अभिमानाची गोष्ट आहे. या लेखनाचे मराठी गद्य स्वच्छ, काटेकोर आणि क्रियापदांनी भरलेले आहे. गद्याचा नमुना म्हणून ते विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास हरकत नाही.

मात्र या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा आदर्श बलदंड तरुण हा आहे. आखाडा, मल्लखांब, कुस्ती यांच्या वर्णनात वृद्ध असतो तो वस्ताद म्हणून, शिकविणारा म्हणून. म्हाताऱ्या देहाचा वैरी समोरचा मल्ल नसून न्हाणीतील ओली फरशी असते, हे त्या लेखनात फारसे येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्ट वर्षांवरील मनुष्यासाठी जे मार्गदर्शन केले, त्यात आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. बळाच्या बरोबरीने तोलालाही असे स्थान मिळाले. सातवळेकरांच्या पुस्तकांच्या तोडीचे, परंतु पासष्टीच्या वाचकाला उद्देशून लिहिलेले मराठी गद्य आज कोणी लिहील, तर ते वाङ्मयात मोडते की नाही याची चिकित्सा आपण करू नये.

एवढ्या विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो. आपल्या नाटकांनी वार्धक्याची वेदना समर्थपणे रंगविली, आणि ती देहाहून अधिक मानाची व उपयोगाची वेदना आहे हे अचूक ओळखले. आपल्या आत्मचरित्रांत त्या वेदनेला उत्तर आहे. पण ते बहुधा अपुरे, अर्ध्यावर लेखणी ठेवलेले, किंवा दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात दडलेले आहे. आणि आपल्या अध्यापनाने वेदना तेवढी उचलली, उत्तर तसेच ठेवले. विद्यार्थ्याला आपण म्हाताऱ्यांची कीव करावयास शिकविले. कीव ही आदराची जागा घेऊ शकत नाही. ज्याची कीव येते त्याला आपण विचारून काही करीत नाही. त्याच्यासाठी परस्पर ठरवून टाकतो.

२०११च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा साडेआठांच्या वर होती. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या जुन्या वस्त्यांत या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा समुद्रापलीकडे जातात. मागे राहिलेल्या घरात मराठी वाचणारी माणसे बहुधा वयस्क असतात. म्हणजे येथे वृद्धाचे स्वावलंबन आणि मराठीचे टिकणे या दोन गोष्टी परस्परांत गुंतल्या आहेत. ग्रंथालयापर्यंत चालत जाणारे पाय थकले की ग्रंथालयही थकते.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींना आणि सभासदांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, ‘नटसम्राट’ किंवा ‘संध्याछाया’ शिकविताना त्याच्या जोडीला ‘माझे पुराण’ किंवा ‘स्मृतिचित्रे’ यांतील उतारवयाचा भाग वाचावा, आणि या माणसांना कशाने तारले, असा प्रश्न मुलांना विचारावा. दुसरी अशी की, आपल्यातील जे निवृत्त होऊन दहा-वीस वर्षे लोटली आहेत त्यांनी त्या वर्षांचा वृत्तांत लिहावा. बालपणाच्या आठवणी आणि नोकरीतील अनुभव आपल्या नियतकालिकांत पुष्कळ आले. साठीनंतरचा दिवस कसा जातो, पैसा कोणाच्या हाती असतो, स्वयंपाक कोण करतो, पडल्यावर कसे उठता आले, कोणते काम सोडवत नाही, हे मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. ते साधेपणाने लिहिले गेले, तर अण्णासाहेबांनी जेथे लेखणी ठेवली तेथून मराठी आत्मचरित्र पुढे जाईल.